मालिका कुठं संपायला हवी होती

आवडती मालिका लोक हळहळत असतानाच संपवावी, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी भेटेल त्याला ऐकवत असे. मी तेलंगणातल्या आदिलाबादेत मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. वर्गात उलट उत्तर देणारं कोणी नसतं, त्यामुळे आपलं मत म्हणजे जवळजवळ पाठ्यपुस्तकच, असं वाटायला लागतं. शिक्षकांच्या खोलीत, बसमध्ये, फोनवर, कुठंही मालिकांचा विषय निघाला की मी सुरू. आता कोणी तो विषय काढला तर मी चहा ठेवायच्या निमित्तानं उठून जाते. का, ते सांगते.

घरी आम्ही तिघं. मी, माझा नवरा आणि माझी माय. नवऱ्याचं भाजीचं दुकान आहे आणि तो दुकान बंद करून नऊच्या सुमारास येतो. माय म्हणजे माझी आई. ‘आई’ हा शब्द आमच्याकडे पुस्तकातच राहिला. मी एकुलती एक, म्हणून बाप गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली. तिची हयात लोकांच्या शेतात कापूस वेचण्यात गेली होती. माझ्या घरात आल्यावर रिकाम्या हातांचं काय करायचं, हे तिला कळेना. सकाळी झाडलेलं अंगण ती दुपारी पुन्हा झाडायची. मग तिला ती मालिका सापडली.

एका तालुक्याच्या गावात खानावळ चालवणारी विधवा बाई आणि तिच्या तीन मुली, एवढीच गोष्ट. संध्याकाळी साडेसातला लागायची. आमच्या केबलवर बहुतेक सगळं तेलुगू. मराठी वाहिन्या वेगळ्या सांगून घ्याव्या लागतात, आणि केबलवाला दर दोन-तीन महिन्यांनी त्या बंद करून बसायचा. त्या दिवशी माय जेवायची नाही. मी केबलवाल्याला तेलुगूत झापायची; तेवढ्या पाच मिनिटांपुरतं माझं तेलुगू फार सुधारायचं. पण खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं मालिका चांगलीच होती. त्यातली बाई पोळ्या लाटताना दिसली की खरंच लाटायची. माय म्हणायची, “हिचे हात पाह्य. हे काम केलेले हात हायेत.” मीही शेजारी बसून पाहायची. धाकट्या मुलीला दहावीत शाळा सोडावी लागते की काय, या काळजीनं एक आठवडा आम्हा दोघींचा जीव टांगणीला लागला होता.

त्याच सुमारास बाजारहत्नूरला नात्यात बारसं निघालं. मला रजा नव्हती, म्हणून माय एकटी गेली. येताना इच्चोड्याला बस बदलावी लागते. तिथून एका बाजूची बस आदिलाबादेत येते आणि दुसऱ्या बाजूची निर्मलला जाते. हे मायला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं, इतक्या वेळा ती त्या थांब्यावर उभी राहिली होती. त्या दिवशी ती निर्मलच्या बसमध्ये बसली. नेरडीगोंडा मागं पडल्यावर कंडक्टरनं तिच्याच फोनवरून मला फोन लावला. “मॅडम, आपकी अम्मा हमारी गाडी में है. बोल रही है, घर का रास्ता किसने बदल दिया.”

कंडक्टर भला माणूस. त्यानं तिला पुढच्या थांब्यावर उतरवून उलट्या बसमध्ये बसवून दिलं. संध्याकाळी माय घरी आली, हातपाय धुतले आणि बारशात लाडू किती कडक होते ते सांगत बसली. मी हसत ऐकत होते आणि तिच्याकडून घेतलेलं निर्मलच्या बसचं तिकीट पुन्हा पुन्हा वाचत होते.

कारण हे मी आधी पाहिलं होतं. माझी आजी, म्हणजे मायची माय, शेवटची तीन वर्षं अशीच गेली. आधी तिचे रस्ते गेले, मग माणसं गेली. मी सातवीत असेन. माय तिला न्हाऊ घालायची आणि आजी विचारायची, “तू कोनाची वं पोरगी? तुही माय कोठी हाये?” माय उत्तर द्यायची नाही, पाणी ओतत राहायची. न्हाणीतून बाहेर आल्यावर तिचा चेहरा कसा असायचा, ते मी दारात उभी राहून पाहिलं आहे. आता तो चेहरा माझ्या वाट्याला येणार, ही भीती त्या फोनपासून मनात बसली ती गेलीच नाही.

यवतमाळच्या डॉक्टरांना दाखवलं. तपासण्या झाल्या. ते म्हणाले, आत्ताच ठामपणे काही सांगता येत नाही, सुरुवात असेल किंवा नुसतं वय असेल. लक्ष ठेवा, त्यांना बोलतं ठेवा, रोज काहीतरी आठवून सांगायला लावा. हे त्यांनी दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर त्या माणसानं मायला बोलतं ठेवलं असतं. मी शिक्षिका. मी परीक्षा घ्यायला लागले.

मालिका आठला संपायची. आम्ही जेवायला बसायचो आणि भाकरी मोडता मोडता मी सहज विचारल्यासारखं विचारायची, “माय, आज काय झालं?” ती सांगायची. मालिका मीही पाहिलेली असायची, त्यामुळे उत्तर मला माहीत असायचं. कोण आलं, कोण रुसलं, कोणत्या मुलीनं काय लपवलं. मग ताटं उचलली की मी आतल्या खोलीत जाऊन शाळेतून आणलेल्या एका वहीत लिहायची. बरोबरला टिक, चुकीला फुली. प्रसंग पुढं-मागं झाले तर अर्धा गुण. ती वही मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवायची. एका आठवड्यात दोन फुल्या पडल्या की माझं धाबं दणाणायचं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत मी कारण नसताना मुलांवर खेकसायची.

परीक्षा बरी चालली होती. बिघडली ती प्रश्नपत्रिका.

धाकट्या मुलीचं लग्न झालं आणि ती मालिका तिथं संपायला हवी होती. बाईनं खानावळीच्या दाराला तोरण लावलं, मुलीला निरोप दिला आणि रिकाम्या स्वयंपाकघरात एकटीच जेवायला बसली. मी आणि माय दोघी रडलो. पण मालिका लोकप्रिय होती, मग कोण संपवतो? पुढच्या सोमवारी त्या बाईला एक जुळी बहीण निघाली. मग मेलेला नवरा परत आला. मग तो नवरा नव्हताच, असं निघालं. मोठी मुलगी जिन्यावरून पडली, तिची स्मरणशक्ती गेली आणि देवळाच्या पायरीवर डोकं आपटल्यावर परत आली. माय पदर तोंडाला लावून हसत होती. “असं असतं तं तुह्या आजीले म्या दहा येळा पायरीवर नेलं असतं,” ती म्हणाली. मला हसू आलं नाही.

आणि आता उत्तरं तपासायची कशी? मायनं एके दिवशी सांगितलं, “मोठी पोरगी आज दुसरीच बाई होती.” मी घास तसाच ठेवला. त्या दिवशी मी भाकरी थापत होते आणि पडद्याकडे माझं लक्ष नव्हतं. म्हटलं, सुरू झालं, माणसं ओळखू येईनाशी झाली. वहीत फुली मारताना पेन कागदातून आरपार गेलं. दुसऱ्या दिवशी साडेसातला पाहते तर खरंच दुसरी बाई. नटी बदलली होती आणि घरातले सगळे तिच्याशी काही झालंच नाही अशा थाटात बोलत होते. ओळखलं होतं ते एकट्या मायनंच.

मी फुली खोडून टिक केली. जिवात जीव आला आणि तिथंच माझी चूक झाली. त्यानंतर माय काहीही विसंगत बोलली तरी मी ते मालिकेच्या खात्यात टाकायला लागले. आज म्हातारा सासरा जिवंत, उद्या त्याच्या फोटोला हार. असेल, त्यांचं काय सांगावं. मी स्वतः पाहणंही सोडलं, कारण ते पाहवत नव्हतं. मी आत भाकरी थापायची, बाहेर ढोल-ताशे वाजायचे, जेवताना प्रश्न विचारायची आणि ती जे सांगेल त्याला टिक द्यायची. भित्र्या माणसाला आणखी काय हवं असतं.

माझा सगळा राग मग मालिकेवर निघे. रविवारी दुपारी मावशीचा फोन यायचा. मावशी, मायची धाकटी बहीण, नदीपलीकडे पांढरकवड्याला असते आणि तीही तीच मालिका पाहते. तिच्या मते मालिका कधी बंदच होऊ नये. रोजची माणसं रोज दिसली की बरं वाटतं. मी तिच्याशी कडाकडा भांडायची. “चांगली होती तवाच सरली पाहिजे होती, मावशी. आता काय राह्यलं तिच्यात? वळखू पन येत नाई. नुसतं ओढून राह्यले. पाह्यनाऱ्याचा जीव जाते.” मावशी म्हणायची, “तुले काऊन एवढा राग येते वं? मालिका तं हाये.” माय तिथंच खाटेवर बसून शेंगा सोलत असायची. मी आवाज कमी करायची गरज काय होती? मी तर टीव्हीबद्दल बोलत होते.

गेल्या वर्षी मला दहा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी हैदराबादला पाठवलं. मी नाही म्हणून पाहिलं, चाललं नाही. शेजारच्या वहिनींना दुपारचं लक्ष ठेवायला सांगितलं, नवऱ्याला दहा सूचना कागदावर लिहून दिल्या आणि वही बॅगेत टाकून निघाले. तिथं दिवसभर तेलुगूत व्याख्यानं. मी शेवटच्या रांगेत बसून घड्याळ पाहायची. माय गॅस उघडा ठेवेल का, दार लावून बाहेर जाईल आणि घराचा रस्ता कोणी बदलला म्हणून कोणाला तरी विचारत बसेल का. आठ वाजले की वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन फोन लावायची. ‘जेवली का’ विचारायच्या आधी तोंडातून तेच निघायचं. “माय, आज काय झालं?”

पहिले दोन दिवस तेच रडगाणं, जुळी बहीण आणि वकील. रविवारी मालिका नसायची. सोमवारी माय म्हणाली, “आज लय चांगलं झालं.” बाईनं खानावळ चार दिवस बंद ठेवली आणि मोठ्या मुलीला घेऊन कापूस वेचायला गेली, कारण शेतात कापूस फुटून पडला होता आणि मजूर मिळत नव्हते. मुलीला सवय नाही, बोंडाच्या टोकांनी तिची बोटं फुटली. आईनं काही म्हटलं नाही. संध्याकाळी नुसतं खोबरेल कोमट करून तिच्या बोटांना लावलं. एवढंच. ढोल नाही, ताशे नाहीत.

मंगळवारी मधली मुलगी नोकरी सोडून घरी आली. आईनं का म्हणून विचारलं नाही, अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर वाढली आणि समोर बसून राहिली. मुलगी खाता खाता स्वतःच सगळं बोलली. बुधवारी घरात कोणी भांडलंच नाही. मुलींनी मिळून आईची जुनी गोधडी उसवली आणि त्यात कोणत्या साडीचा कोणता तुकडा आहे, ते ओळखत बसल्या. मी गच्चीवर उभी राहून ऐकत होते आणि मला भरून येत होतं. लेखक बदलला वाटतं, मी म्हणाले. खोलीतल्या मैत्रिणीलाही सांगितलं, मी उगाच बोल लावला, लांबली म्हणून काय झालं, मालिका पुन्हा रुळावर आली. वहीत ओळीनं टिका. मायनं एकही नाव चुकवलं नव्हतं, एकही प्रसंग मागं-पुढं केला नव्हता. किती तरी दिवसांनी मी पोटभर जेवले.

गुरुवारी दुपारी मावशीचा फोन आला. “झालं तुह्या मनासारखं? सरली पाह्य मालिका.”

“कई?”

“शनवारीच. काई नाई, सारे एका रांगेत हात जोडून उभे राह्यले आन् झालं. सोमवारपासून तथी दुसरीच लागली.”

मी जिन्यावर बसले. शनिवारी संपली. मग सोमवारचा कापूस कुठला, मंगळवारची भाजी कुठली, गोधडी कुठली? बंद झालेल्या मालिकेचे भाग माझी माय रोज पाहत होती आणि मी त्याला टिका देत होते. मला आजी आठवली. आजी शेवटी शेवटी कोपऱ्यातल्या कोणाशी तरी बोलायची, फार गोड बोलायची आणि तिथं कोणी नसायचं. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “मी येतो तवा माय बरी असते, जेवते, बोलते. टीव्ही पाह्यते म्हने. तू काऊन रडून राह्यली?” त्या संध्याकाळी मी फोन लावला आणि तो प्रश्न विचारायला तोंडच उघडेना. ‘काय झालं’ असं विचारलं आणि तिनं सांगितलं तर? मी नुसतं जेवली का विचारलं. ती थोडी थांबली आणि हो म्हणाली.

शुक्रवारी हातापाया पडून उरलेल्या दिवसांची सुटी मागितली आणि शनिवारी दुपारी घरी पोचले. माय अंगणात मेथी निवडत होती. मला पाहून “आली का वं?” म्हणाली. ओळखलं, एवढंही मला त्या क्षणी खूप वाटलं. संध्याकाळी साडेसातला तिनं टीव्ही लावला. मी आज भाकऱ्या आधीच उरकून तिच्या शेजारी जाऊन बसले. पडद्यावर वेगळंच गाणं, वेगळीच माणसं, कोणत्या तरी बंगल्यात लग्नाची गडबड. माय हात मांडीवर ठेवून पाहत होती. मी तिच्याकडे पाहत होते. त्या बंगल्यात तिला खानावळ दिसते आहे का, हे मला तिच्या डोळ्यांवरून कळेना, आणि विचारायची हिंमत होईना.

दहा मिनिटांनी तिनं टीव्ही बंद केला. “कायची हाये काय मालूम,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “आता विचार ना. का वही तिकडंच राह्यली?”

“तुले वही ठाऊक हाये?”

“साड्यांच्या घड्या कोन घालते या घरात? मले वाचता नाई येत, पन बरोबर आन् चूक तं वळखू येते. तू शाळेत जाय तवापासून तुह्या दप्तरात तेच पाहून राह्यली.”

“माय, मालिका सरली.”

“शनवारीच सरली. म्या नाई पाह्यलं का?”

“मंग सोमवारचा तो कापूस, ते भाजी…”

“माह्यंच होतं ते. तू फोनवर विचारे, तं तुहा आवाज कसा ये? परीक्षेले बसलेल्या पोरीसारखा. सरली म्हटलं असतं तं तू मंग काय विचारलं असतं? आन् मी काय सांगतलं असतं? म्हटलं आपल्याले येते ते सांगाव. कापूस येते, भाकर येते, गोधडी येते.”

मी हसायला लागले. हसता हसता रडायला लागले, तिचा हात धरला. माय शाबूत होती, माझ्यापेक्षा शाबूत होती. तिनं मला थोडा वेळ हसू दिलं. मग भाजीचा भाव विचारावा इतक्या साध्या आवाजात ती म्हणाली, “मले एक सांग. तू मावशीले फोनवर म्हने ना, चांगली होती तवाच सरली पाहिजे होती. आता वळखू येत नाई, नुसतं ओढून राह्यले, पाह्यनाऱ्याचा जीव जाते. मालिकेचंच बोले तू. मले समजते, मी काई येडी नाई झाली अजून. पन मी तथी शेंगा सोलत आइके आन् मले माही माय आठवे. बसचं तं झालंच. एखांद्या रोजी सकाळी उठून तू कोन हे मलेही ध्यानात येत नाई, घडीभरानं येते. ते म्या तुले सांगतलं नाई. उद्या मी वळखूच आली नाई, नुसतीच लांबत राह्यली, तं माह्याबद्दलही तुले तसंच वाटन का?”

इतके दिवस मी तिच्या विसरण्याला भीत होते. ती मला भीत होती, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते. एखाद्या सकाळी, घडीभर, माझ्याच घरात माझ्याकडे पाहत ती गप्प पडून राहिली असेल, आणि मी तिकडे चहा झाला म्हणून हाका मारत असेन. म्हणजे तिचं विसरणं खरंच सुरू झालं होतं. यवतमाळच्या डॉक्टरांना जे सांगता आलं नाही, ते तिनंच सांगून टाकलं होतं. आणि तिचा प्रश्न अजून तसाच समोर होता, ती उत्तराची वाट पाहत होती.

“नाई माय,” मी हळूच म्हणाले. “तू राह्य. कशीही राह्य. मले नाई वळखलं तरी राह्य.”

“असं हळू नको बोलू,” ती म्हणाली. “मोठ्यानं सांग. मी इसरून जाईन. तुह्या तरी ध्यानात राह्यलं पाह्यजे.”

मी मोठ्यानं सांगितलं.